बर्फ बसेपर्यंत

कोठी,
१९ नोव्हेंबर १९८२

अचे देचेन,

धाकट्या भावाचं अक्षर बघूनच ओळखलं असशील. इतकं वाकडं आपल्या घरात दुसरं कुणी लिहीत नाही. मी कोठीत आहे, खिंडीच्या अलीकडे, अझंगच्या ढाब्यावर. आमाचा सख्खा भाऊ म्हणून तो मला फुकट जेवू घालतो, आणि आमाचा सख्खा भाऊ म्हणूनच ट्रकवाल्यांची खरकटी भांडी माझ्याकडून घासून घेतो.

मी घरी यायला निघालोय. तीन वर्षं पुरे झाली. कोटगढला सफरचंदाच्या पेट्या ठोकल्या, पठाणकोटच्या ट्रकवर क्लीनर झालो, तिथून कच्छ. कच्छात मिठाचं रान आहे, अचे. नजर पोचेल तिथवर पांढरं, आणि वरून ऊन भाजतंय. पहिल्या दिवशी मी वाकून चिमूटभर उचललं आणि चाटलं, तर सोबतचे मजूर हसून लोळले. मी म्हटलं, आमच्याकडे जमीन अशीच दिसते, फक्त गार असते. त्यातला एक म्हातारा विचारतो, "मग तुम्ही त्याचं करता काय, विकता?" मी म्हटलं, छतावरून झाडतो. असो, मिठाचं राहू दे.

सांगायचं ते हे. आपल्या थोरल्या अंगरूपला सांग की पल्जोर हरला, तू जिंकलास. निघताना भांडण झालं तेव्हा तो म्हणाला होता, "पाय दुखायला लागले की ये, मी कोकसरपर्यंत घोडं घेऊन येईन." तर पाय दुखायला लागलेत. त्याने घोडं घेऊन खिंडीच्या पलीकडे कोकसरला यावं. शिव्या घालायच्या असतील तर वाटेत घालाव्यात, आमासमोर नकोत. यंदा बटाट्याचं शेत मी नांगरणार आहे असंही सांग. तो हसेल. हसू दे.

खिंडीवरच्या गाड्या बंद झाल्या आहेत, पण आठवड्याला डाकवाले पाठीवर पिशवी बांधून खिंड चढतात. त्यातला तोबगे ओळखीचा झालाय. ऑक्टोबरात एकदा बर्फ पडला, गेल्या आठवड्यात थोडा, बाकी सगळे दिवस स्वच्छ. वर गुडघाभरसुद्धा नाही म्हणतात. भ्यायचं ते माघात, आता एवढ्याशा बर्फाला कोण भितं? तुझं उत्तर आलं की पुढच्या डाकेबरोबर मी निघतो.

तुझा,
पल्जोर

———

सुमलिंग,
२७ नोव्हेंबर

पल्जोर,

तुझं पत्र मिळालं. आमाने ते दोनदा वाचून घेतलं आणि उशाखाली ठेवलं. तू बरा आहेस हे कळून तिला बरं वाटलं.

येऊ नकोस. रागावून लिहीत नाही, नीट वाच. तुम्ही खाली म्हणता वर बर्फ थोडा आहे. थोडा आहे हीच अडचण आहे. ऑक्टोबरातला बर्फ सावलीच्या उतारांवर वितळला नाही, उघड्या थंडीत तसाच पडून राहिला. परवा गोठ्यामागे मी फावडं घातलं. वर नव्या बर्फाचा हातभर थर, दारासारखा घट्ट. त्याच्याखाली साखर. मूठ आवळली तर बोटांतून गळून गेली, गोळा होईना. त्या साखरेवर हे दार नुसतं टेकवून ठेवलेलं आहे. माणसाने पाय ठेवला की पुरे. माघात बर्फ एकमेकाला धरून असतो, आता धरत नाही. खिंडीच्या तुमच्या बाजूलाही कड्यांच्या आडचे उतार सावलीतच असतात.

घोडं पाठवता येणार नाही. त्याचा पाय मुरगळलाय.

अझंगकडेच राहा. भांडी घास. आणखी दोन-तीनदा मोठा बर्फ पडून सगळं दबून बसू दे, मग मी स्वतः लिहीन की ये. मी लिहिल्याशिवाय निघू नकोस. आजवर माझं काही ऐकलं नाहीस, एवढं ऐक.

देचेन

———

सुमलिंग,
२७ नोव्हेंबर

अझंग,

सोबतचं पाकीट पल्जोरचं. हे तुमचं आहे, त्याच्यासमोर वाचू नका.

तुमचा थोरला भाचा गेला. नाव लिहीत नाही, तुम्ही जाणता. सात आठवडे पुरे होईपर्यंत कुणी नावाने हाक मारली तर तो मागे वळून बघेल आणि त्याची वाट चुकेल. घरात आम्ही कुणीच घेत नाही. आमाच्या तोंडाशी येतं, मग ती ओठ चावते.

आपले दोन याक वरच्या कुरणात अडकले होते. सोळा तारखेला सकाळी तो त्यांना आणायला गेला. सगळे म्हणाले, इतक्याशा बर्फात उतार खाली काय येणार. मीही म्हटलं. पाठीवर सत्तूची पिशवी मीच बांधली. दुपारी आवाज आला, ढगासारखा धुरळा उठला आणि लोंढा ओढ्यापर्यंत उतरला. याक दुसऱ्या दिवशी आपले आपण घरी आले.

गावातले सगळे पुरुष फावडी आणि लांब काठ्या घेऊन गेले. काठ्या खुपसून खुपसून बघितलं. उजेड उतरताना वरचा उरलेला उतार एकदा खचल्यासारखा बोलला. मी सगळ्यांना मागे बोलावलं. ते ऐकत नव्हते, मी ओरडून बोलावलं. आमा त्यानंतर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. देह मिळाला नाही. लामांनी त्याच्या टोपीवरच पोथी वाचली. आता उन्हाळ्यात बर्फ उतरेल तेव्हाच.

पल्जोरने घोडं मागितलं त्या पत्रावर एकोणीस तारीख आहे.

आमा म्हणते, धाकट्याला बोलाव, मला तो डोळ्यांसमोर हवा. मी म्हणते, बोलावला तर दोन्ही जातील. त्याचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. कळलं तर तो त्याच पावली खिंडीवर निघेल, डोळे भरलेले घेऊन. जे इथे आहे तेच तिथल्या उतारावर आहे. म्हणून त्याला सांगू नका. काम द्या, भांडण काढा, बूट लपवा, काहीही करा, पण त्याला खाली ठेवा. मला खोटं लिहिता येत नाही. जेवढं गाळता येईल तेवढं गाळीन.

तुमची,
देचेन

———

कोठी,
४ डिसेंबर

अचे,

साखर, दार, फावडं. पत्र लिहिलंस की शाळेचा धडा?

इथे अझंगला काय झालंय कोण जाणे. परवा माझे बूट हरवले. सगळा ढाबा शोधला. शेवटी पिठाच्या डब्यात सापडले. म्हटलं, "अझंग, हे काय?" तर म्हणतो, "उंदीर फार झालेत." मी विचारलं, उंदीर बूट पिठात ठेवतात का? म्हणाला, "कोठीचे उंदीर काहीही करतात, तू लाकडं फोड." आता मी लाकडं फोडतोय. दोन हिवाळे पुरतील एवढी फोडून झाली. काल त्याने एक जुनी भिंत पाडली आणि मला तीच परत बांधायला लावली. मी म्हटलं, ही तर चांगली होती. म्हणाला, "तुला भिंतीतलं काय कळतं?"

आणि जेवताना तो माझ्याकडे बघत बसतो. मी मान वर केली की डाळ वाढतो.

इथे बर्फ सुरू झालाय. रेडिओवरची बाई रोज सांगते, "उंच भागांत हिमस्खलनाची शक्यता." ट्रकवाले तिची नक्कल करतात. तोबगे म्हणतो, एवढा लांब शब्द उच्चारेपर्यंत लोंढा अंगावरून जाऊन परतही येईल. तोबगे मजेशीर माणूस आहे. त्याच्या बायकोने त्याला विणून दिलेल्या मोज्यांत एक लांब आहे, एक आखूड. तो म्हणतो, उतारावर आडवं चालायला बरं पडतं. मी खरं समजलो होतो.

मुद्द्याचं लिहितो. तुझ्या पत्रात अंगरूपबद्दल एक ओळ नाही. घोड्याचा पाय मुरगळला, बरं. पण त्याचे दोन पाय आहेत की. त्याला मी नकोय, असं सरळ लिही ना. बर्फाच्या आड का लपतेस? तीन वर्षांपूर्वी मी त्याला म्हटलं होतं की तुझ्यासारखा चार शेतांना बांधलेला बैल मी होणार नाही. ते त्याला अजून बोचत असेल. मला मान्य आहे. पण मग त्याने स्वतः दोन ओळी लिहाव्यात. 'येऊ नकोस' एवढंच लिहिलं तरी चालेल, त्याच्या हाताचं हवं. तसं आलं तर मी इथूनच मागे फिरतो. परत कच्छ नाही, दुसरीकडे कुठेतरी. काल एक सरदार ड्रायव्हर आसामबद्दल सांगत होता. तिथे म्हणे नदी एवढी रुंद आहे की पलीकडचा काठ दिसत नाही.

आमाला म्हणावं मी जाड झालोय.

पल्जोर

———

सुमलिंग,
१२ डिसेंबर

पल्जोर,

तू नकोसा आहेस असं मनात आणू नकोस. या घरात तुझ्यावर कुणी रागावलेलं नाही. हे मी लिहिते, माझ्यावर विश्वास ठेव. ज्याने लिहावं असं तुला वाटतं त्याच्याकडून लिहून घेता येत नाही. त्याबद्दल आता विचारू नकोस.

घरचं विचारलं नाहीस तरी सांगते. कालू घोड्याचा पाय बरा आहे, तो लंगडत का होईना पाण्यापर्यंत जातो. टुंडू कुत्रा म्हातारा झालाय, चुलीजवळून उठत नाही, तू आलास तर भुंकेल की नाही शंका आहे. शेजारच्या म्हाताऱ्या अबी यांगजोरची ती एकशिंगी बकरी सोमा, तिला दोन पिल्लं झाली, अवेळी, एक जगलं. अबी रोज आमापाशी येऊन बसते. छत मी झाडते, दर सकाळी. लाकडं पुरेशी आहेत. यंदा प्यायला जवाची छंग केली नाही. आमा दिवा सांभाळत बसते.

परवा पुन्हा मोठा बर्फ पडला. मी परत फावडं घातलं. साखर अजून तशीच आहे, उलट वरचं ओझं वाढलंय. थोडा वेळ जाऊ दे. थोडाच. ओझं पुरेसं झालं की एक तर सगळं खाली येतं, नाही तर दबून एकजीव होतं. दोन्हींत मग वाट मोकळी होते. तोवर थांबणं हेच काम आहे असं समज.

आसामला जाऊ नकोस. कुठेच जाऊ नकोस. अझंगच्या भिंती बांध.

देचेन

———

कोठी,
१९ डिसेंबर

देचेन पोरी,

मला लिहायची सवय नाही, दोन ओळीत उरकतो. तो गेला.

तुझं पत्र काल आलं. भट्टीजवळ बसून वाचलं. हसला, टुंडू म्हातारा झाला म्हणाला. मग परत वाचलं. मग आधीचंही काढून वाचलं. मी कणीक मळत होतो. म्हणाला, "अझंग, हिने घोड्याचं नाव लिहिलंय, कुत्र्याचं लिहिलंय, अबीच्या बकरीचंसुद्धा लिहिलंय."

मी म्हटलं, "बरं मग?"

"थोरल्याचं का नाही लिहिलं?"

मी कणकेत पाणी घातलं. मळत राहिलो. त्याने दोन्ही पत्रं घडी घालून खिशात ठेवली. मी विचार करत होतो की आता सांगावं का, आणि कसं सांगावं. सकाळी उठून बघितलं तर अंथरूण रिकामं. पहाटे डाकवाल्यांबरोबर निघून गेला. बूट या वेळी मी कोळशाच्या पोत्यात घातले होते. पोतं उलटं करून ठेवलंय.

मी मागे खिंडीखालच्या मढीपर्यंत गेलो होतो, माझे गुडघे पुढे चालेनात. वर वारा सुटला होता, काही दिसत नव्हतं. तुला हे कळवणं भाग आहे म्हणून कळवतो. पत्र कधी पोचेल ते माहीत नाही, कारण पोचवणारे दोघं आणि तो, तिघंही आता वरच आहेत. बहिणीला आत्ताच काही सांगू नकोस.

छेवांग

———

कोठी,
२१ डिसेंबर

अचे देचेन,

मी कोठीतच आहे. हे पहिल्याच ओळीत लिहितो, म्हणजे तुला पुढचं धीराने वाचता येईल. अझंगचं पत्र याच पिशवीत असेल. ते नंतर वाच, किंवा वाचूच नकोस.

मीही नाव लिहीत नाही.

निघालो तेव्हा मला वाटत होतं की मी तुझ्यावर चिडलोय. मढीच्या वर पोचेपर्यंत ते सरलं, आणि मग तू ते नाव का गाळलंस ते उमगायला लागलं. तोबगे पुढे होता, त्याच्या मागे त्याचा साथीदार आणि सगळ्यात मागे मी. तोबगेने वळून बघितलं आणि म्हणाला, "रडायचं असेल तर इथे रडून घे. पुढे उतार आहे, तिथे पाय बघावे लागतात." मी खडकाच्या आडोशाला बसलो. त्यांनी तंबाखू मळली, माझ्याकडे बघितलं नाही. चांगली माणसं आहेत.

मग उतार आला. गुळगुळीत, निळसर, एकही पाऊल न पडलेला. खरं सांगतो, मला सुंदर वाटला. त्याच्या वर खिंडीची धार दिसत होती, आणि धारेपलीकडे कोकसर. दुपारच्या आत आम्ही उतरलो असतो. तोबगे कडेला उभा राहून काठी खुपसत होता. मला काही ते खुपसणं सहन होईना. मी त्याला ओलांडून दोन पावलं पुढे गेलो.

पायाखालून आवाज आला. मोठा नाही. जाड गादीवर एखाद्या जड माणसाने बसावं तसा. आणि माझ्या बुटापासून एक बारीक रेघ निघाली, ती उतारावर आडवी धावत गेली, धारेखाली दिसेनाशी झाली. काही पडलं नाही. सगळं जिथल्या तिथे. मी एक पाय उचललेला तसाच उभा राहिलो. तोबगे अगदी हळू म्हणाला, "जिथे पाय ठेवले होतेस तिथेच मागे ठेवत ये." मी आलो.

वाकून बघितलं तर रेघेच्या आत ती होती, तू लिहिलेली साखर. मी तुला शाळेचा धडा म्हटलं होतं.

तोबगे म्हणाला, "खडकांच्या अंगाने वळसा घालून जाता येईल. दोन ठिकाणी उतार ओलांडावा लागेलच. मला विचारलंस तर आज नाही. पण तुझ्या घरचं आहे. तू म्हणालास तर मी पिशवी इथे ठेवून तुला पलीकडे पोचवतो."

मी म्हणालो तर. अचे, माझ्या म्हणण्यावर आजवर कुणी काही टेकवलेलं नाही. तो माणूस एक लांब नि एक आखूड मोजा घालून उभा होता, आणि मी हो म्हटलं असतं तर आला असता. साथीदारही पाठीवरची पिशवी आवळून उभा होता. वारा वाढत होता. मला आमा दिसत होती. दिव्यापाशी बसलेली, एकदा खबर ऐकून झालेली, आता पुन्हा कुणीतरी दारात येऊन उभं राहणार आणि तेच सांगणार. तेवढ्यासाठी मी काय खिंड चढत होतो?

मी म्हटलं, "खाली जाऊ."

तोबगेने डाक आजवर कधी परत आणली नव्हती. उतरताना तो सबंध वाट काठी खुपसत पुढे चालला. मढीला पोचल्यावर म्हणाला, "चहा तू पाजायचा." एवढंच.

अझंग ढाब्याच्या पायरीवर बसला होता. मला बघून उठला, आत गेला, आणि आतून माझ्यावर इतक्या शिव्यांचा मारा केला की दोन ट्रकवाले ताट सोडून बाहेर आले. मग त्याने सगळं सांगितलं. याक, सत्तू, धुरळा. आणि तू ओरडून सगळ्यांना मागे बोलावलंस तेही. तिथे उभं राहून ते बोलावणं तुला कसं जमलं असेल ते मला परवापर्यंत कळलं नसतं. आमा आता नीट बोलते का तुझ्याशी? तिला म्हणावं, देचेनने बोलावलं नसतं तर गावात आणखी काही दिवे लागले असते. हे पल्जोरने उतारावर उभं राहून बघितलंय म्हणावं.

मी भांडण करून गेलो होतो. मी बैल म्हटल्याचं त्याने कधी मनावर घेतलं होतं का, ते आता कुणाला विचारू? तू सांगू नकोस. तू चांगलंच सांगशील, आणि मला खरं वाटणार नाही.

सात आठवडे कधी पुरे होतात ती तारीख डाकेने कळव. त्या दिवशी अझंग आणि मी इथे दिवा लावू. तोवर मी कोठीत आहे, त्यानंतरही. अझंगला हे खरं वाटत नाही. त्याने बूट मला परत दिले, पण नाडी स्वतःच्या खिशात ठेवलीये. असू दे. पाडलेली भिंत पुरी करायची आहे, अर्धी झालीये, बरी येतेय. आसामचा तो सरदार परवा निघून गेला.

बर्फ बसला की ये असं लिहीन म्हणाली होतीस. ते लिहू नकोस. मी बर्फ बसायची नाही, उतरायची वाट बघतो. खिंड मोकळी होईल तेव्हाच आपला उतारही मोकळा होईल. म्हणजे मी आणि तो एकाच सुमाराला घरी येऊ. आमाला आत्ताच हे सांगू नकोस. गावातल्यांना मात्र आजच सांगून ठेव की कुरणाखाली काही दिसलं तर घाईने वर जाऊ नका, पल्जोर पोचेपर्यंत थांबा. त्याला खांद्यावर घेऊन उतरणाऱ्यांत एक तरी घरचा असायला हवा, आणि आता तो मीच आहे.

तुझा,
पल्जोर